आधी डोमेन बोल

सरांनी मला शून्य दिलं होतं. पाचांपैकी शून्य. त्या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली, पण ते प्रकरण मी अजून मिटलेलं मानत नाही.

आज डिचोलीला माझं चिऱ्यांचं आणि रेतीचं यार्ड आहे. ड्रायव्हर मला पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतात. भाव करायला बसलो की समोरचा माणूस आधी पाणी मागतो, आणि मला राग लवकर येतो हे पेडण्यापासून साखळीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्याशी व्यवहार केला त्या प्रत्येकाकडून मी काही ना काही सोडवून घेतलं. एकटे सर असे निघाले की त्यांच्याकडून अर्धा मार्कसुद्धा सुटला नाही. आणि तरीही कोणी विचारलं, शिकलास कुठे, तर मी शाळेचं नाव नंतर सांगतो, सरांचं आधी.

प्रश्न असा होता: एक भागिले, कंसात एक्स वजा तीन, या फंक्शनची रेंज काढा. मी काढली. शून्य सोडून सगळ्या वास्तव संख्या. उत्तर बरोबर, आजही कोणाकडूनही तपासून घ्या. सरांनी त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारली होती. मी पेपर घेऊन टेबलापाशी गेलो. उत्तर चुकलंय का, असं विचारलं. नाही म्हणाले. मग मार्क? तर म्हणाले, डोमेन कुठे आहे, एक्सच्या जागी कोणत्या संख्या चालतात ते? ते प्रश्नात विचारलं नव्हतं, असं मी सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "तीन दारात येऊन उभा राहिला तर काय करशील?"

"तीन येणार नाही, सर. छेदात शून्य होतं."

"येणार नाही, की तू घेणार नाहीस?"

"मी घेणार नाही."

"मग तसं लिही. ज्याला बाहेर ठेवतोस त्याचं नाव लिहायचं आणि कारण लिहायचं. न लिहिता कोणाला बाहेर ठेवायचं नाही मरे."

मी अडीच मार्कांवर आलो. मग दोनवर, मग एकवर. शेवटी अर्धा तरी द्या म्हटलं. त्यांनी पेपराची घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

सर आमच्याच गावचे, पार्शाचे. शिकवायला पेडण्याला, उच्च माध्यमिकमध्ये. अंगाने काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, आणि त्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम: खडूचा तुकडा आणि झाडूतून काढलेली माडाची हीर. खडू ते बसमध्येसुद्धा बाळगत. हिरेचं काम वेगळं होतं. आमच्यातले बहुतेक जण मराठी शाळेतून आलेले, अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडलेलं, आणि पहिल्याच धड्यात रिलेशन्स अँड फंक्शन्स. पुस्तकातली व्याख्या तीन ओळींची होती. सरांनी ती वाचलीच नाही. त्यांनी फळ्यावर एक वेडीवाकडी रेघ काढली, खिशातून हीर काढली, उभी धरली आणि डावीकडून उजवीकडे सरकवत नेली. हीर रेघेला एका वेळी एकाच जागी लागली तर फंक्शन. कुठेही दोनदा लागली तर फंक्शन नव्हे, नुसतं रिलेशन. मग वर्तुळ काढलं आणि एकेकाला उठवून हीर सरकवायला लावली. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला पाढे येत नव्हते, त्यालाही कळलं की वर्तुळ नापास होतं.

ती हीर मी धंद्यात आजही वापरतो, हातात नसली तरी. एक कंत्राटदार माझ्याकडची एकच गाडी दोन गिऱ्हाइकांना कबूल करून मोकळा झाला होता. त्याला मी सांगितलं की बाबा, तुझी रेघ हिरेला दोनदा लागते, तुझ्याशी व्यवहार नको. त्याला काही समजलं नाही. मला समजलं, तेवढं पुरे होतं.

सरांचं एक पालुपद होतं: आधी डोमेन बोल. कोणी काहीही सांगायला आलं की हेच. प्राचार्य वर्गात येऊन म्हणाले की सगळी मुलं दंगा करतात, तर सरांनी आमच्यासमोरच विचारलं, सगळी म्हणजे कोण? प्राचार्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्या नावाला अडकले. सर म्हणाले, तीन जणांचं फंक्शन चाळीस जणांवर लावू नका. त्या दिवशी आम्ही सदतीस जण फार खूश होतो. मी त्या तिघांत होतो, ते सोडा.

बाजारात तर त्यांच्याबरोबर जायला घरचेही तयार नसत. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, थोरली बहीण आणि ते असे दोघेच राहायचे. ती सांगायची की ह्याला काही विचारू नका, हा उत्तर द्यायचा नाही, उलटा प्रश्न देईल. एकदा पेडण्याच्या बाजारात मी स्वतः बघितलं. मासे विकणाऱ्या नुस्तेकान्नीने बांगड्यांचा भाव सांगितला. सरांनी विचारलं की हा भाव किती वाजेपर्यंतचा, आणि बारा वाजल्यानंतर तो कसा उतरत जातो. त्या बाईने हातातला बांगडा टोपलीत परत टाकला.

"मास्तर, तुका बांगडे जाय, काय तूं हांगाच शाळा घालतलो?"

आजूबाजूच्या सगळ्या टोपल्या हसल्या. सर न हसता म्हणाले की दोन्ही, बांगडेही हवेत आणि शाळाही. आणि बारा वाजेपर्यंत छत्री घेऊन तिथेच उभे राहिले. बांगडे स्वस्त मिळाले की नाही माहीत नाही, पण भाव कधी विचारायचा हे मी त्या दिवशी शिकलो. आज मी रेट बोलण्याआधी विचारतो, चिरा कुठल्या खणीचा, उतरायचा कुठे, पावसाआधी की पावसानंतर. लोक म्हणतात, चालू माणूस आहे. मी म्हणतो, अकरावीचा पहिला धडा आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

आमचं घर मूळचं चंदगडकडचं. आबा माझ्या जन्माआधी पार्शाला चिरेखणीवर आले आणि तिथेच राहिले. जमीन गावच्या जमीनदाराची, भाटकाराची, खण त्याची, आम्ही राहायचो ती खोलीही त्याचीच. आबांचं नाव भरमू. पण गावात कोणी ते नाव घेत नसे. खणीवरचो म्हणायचे, नाहीतर घाटी. आई पाववाल्या पोदेराकडून उंडे घ्यायची तर तोही वहीत नाव न लिहिता खण असं लिहायचा. मला त्याचा राग यायचा. आबांना येत नसे, किंवा ते दाखवत नसत.

खोलीमागे खणीच्या कडेला पडीक जागा होती, नुसता जांभा दगड. आबांनी टोपल्या टोपल्यांनी माती आणून तिथे केळी लावल्या. मी अकरावीत होतो त्या वर्षी पहिला घड धरला. आबांनी तो देवीला द्यायचं ठरवलं.

आमच्या गावच्या जत्रेत फळावळ बांधतात. केळ्यांचे घड, नारळ, भोपळे, ऊस, लोकांनी जे जे दिलं ते सगळं देवळाच्या मंडपात टांगतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पावणी होते, म्हणजे बोली लावून ते विकलं जातं. ज्याने घड दिला त्याच्या घरचा माणूस शक्यतो बोली चढवून आपलाच घड परत नेतो आणि प्रसाद म्हणून वाड्यात वाटतो. त्यात मोठा मान असतो. आणखी एक रीत आहे. एकट्याच्या बोलीवर पावणी होत नाही. वर दुसरा कोणी चढायलाच हवा. नाही चढला तर ती वस्तू बाजूला काढून ठेवतात.

आबांना तो घड स्वतः सोडवून आणायचा होता. त्याआधी एका जत्रेत त्यांनी नारळांवर आवाज दिला होता, तेव्हा पुकारणाऱ्याला तो ऐकूच आला नव्हता. म्हणजे शेजारच्यांना ऐकू आला, त्याला नाही.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात सरांनी वर्गात नेमकी पावणीच घेतली. मंडपात टांगलेली प्रत्येक वस्तू, हे डोमेन. बोली लावायचा हक्क असलेली सगळी माणसं, हे कोडोमेन. शेवटी ज्यांच्या हातात वस्तू गेल्या तेवढी माणसं, ही रेंज. एका घडाला दोन धनी होत नाहीत, म्हणून हे फंक्शन. एकाच धन्याने दोन घड नेले तरी चालतं. पण एखादा घड कोणाकडेच न जाता टांगलेला राहिला, तर मात्र फंक्शन मोडलं. केरीच्या एका मुलीने विचारलं की ज्याने बोली लावली आणि ज्याला काहीच मिळालं नाही, त्याचं काय? सर म्हणाले, तो कोडोमेनमध्ये आहे, रेंजमध्ये नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही, तो आहे म्हणून तर भाव आहे.

मी उभा राहिलो. हात वर न करताच.

"सर, ज्याचा घड घेतात पण बोली घेत नाहीत, तो कुठे असतो?"

दोघे-तिघे हसले. गावच्या मुलांना कळलं होतं मी कोणाबद्दल बोलतोय. सरांकडे प्रत्येक गोष्टीला उलटा प्रश्न तयार असायचा. त्या दिवशी नव्हता. त्यांनी फळा पुसला आणि उरलेल्या तासात उदाहरणं घातली. मला वाटलं, झालं, हाही गावचाच.

पावणीच्या सकाळी मंडप भरलेला होता. समितीचा अध्यक्ष भाटकार, तो खांबाशी खुर्ची टाकून. पुकारणारा मधोमध. आबा धुतलेला शर्ट घालून मागच्या कोपऱ्यात, मी त्यांच्या शेजारी. दोन भोपळे आणि नारळांचा एक घोस गेला. मग आमचा घड आला. पुकारणाऱ्याने तो काठीने दाखवला आणि आबांनी बोली लावली. मोठ्याने, स्वच्छ.

पुकारणारा म्हणाला, "कोण बोलता काय?"

आबांनी परत बोली लावली. त्याने दुसरीकडे बघून तेच विचारलं. माझं डोकं फिरलं, मी पुढे निघालो, तर आबांनी माझं मनगट धरलं. दगड फोडणाऱ्या माणसाने मनगट धरलं की सुटत नाही.

तेवढ्यात सर उठले. मंडपात एक फळा होता, उत्सवाचे कार्यक्रम लिहायचा. त्याच्यापाशी जाऊन त्यांनी खिशातून खडू काढला आणि भाटकाराला विचारलं की अध्यक्ष, बोली कोण लावू शकतो? भाटकार म्हणाला, गावचो. सरांनी विचारलं, ज्याचा घड देवीने घेतला तो गावचा आहे की नाही? भाटकार हसला. म्हणाला, मास्तर, देवळांत शाळा नाका.

सर म्हणाले, एकच ओळ लिहितो आणि बसतो. आणि त्यांनी मोठ्या सरळ अक्षरांत फळ्यावर लिहिलं: बोली लावता येणार नाही अशी माणसं. पुढे दोन टिंबं दिली. खडू टेकवून उभे राहिले.

"नाव सांगा आणि कारण सांगा. मी लिहितो."

गावात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, वर्षानुवर्षं चालत आलेली होती, पण ती देवीसमोर तोंडाने बोलायला आणि पांढऱ्यावर नव्हे, काळ्यावर लिहून घ्यायला कोणी तयार होईना. भाटकार पुकारणाऱ्याकडे बघत राहिला, पुकारणारा घडाकडे. बायकांत बसलेली एक म्हातारी शेवटी म्हणाली, "बोल मरे भाटकारा, मास्तराचो हात दुखतलो."

भाटकाराने हात झटकला. "घे रे ताची बोली."

पुकारणाऱ्याने काठी वर केली. "खणीवरच्याची बोली, एक वार."

"नाव," सर म्हणाले. मागे वळलेही नाहीत.

"भरमूची बोली. एक वार."

सरांनी तळहाताने ओळ पुसली आणि जाऊन बसले.

आता खरं सुरू झालं. आबांच्या वर कोणी चढेना. रीत सगळ्यांना पाठ होती. एकट्याच्या बोलीवर पावणी नाही. लोकांनी हाताच्या घड्या घातल्या, कोणी छताकडे बघायला लागलं. जणू म्हणत होते, बोली घ्यायला लावलीत ना, घेतली. आता घड जाईल बाजूला. दोन वार झाले. आबांचा कान लाल झालेला मला दिसत होता.

तिसरा वार पडायच्या आत सरांनी बोली लावली.

सरांनी आयुष्यात कधी पावणीत तोंड उघडलं नव्हतं. बायकांत त्यांची बहीण बसली होती, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला: "आमी दोगांच घरांत, आनी घड खातलें कोण?" लोक हसले, जरा सैल झाले. मला हायसं वाटलं. मला कळलं की सर कशासाठी चढले. आता आबा एक पायरी वर जातील, सर गप्प बसतील, घड आमचा.

आबा वर गेले. सर त्यांच्या वर गेले. आबा परत चढले. सर परत. चार-पाच वेळा असं झालं. आबांनी एकदा सरांकडे निरखून बघितलं, सर घडाकडे बघत होते, बोली मात्र सरळ आवाजात चढत होती. मग आबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि ते थांबले.

"मास्तराची बोली, तीन वार."

सर आमचा घड खांद्यावर टाकून घेऊन गेले.

माझ्या रागाची कल्पना ज्यांना आहे त्यांनी ती इथे दुप्पट करावी. ज्या माणसाने आम्हाला आत घेतलं, त्यानेच आम्हाला हरवलं. घरी येऊन मी भांडी आदळली, सरांना नाही नाही ते बोललो. आबा उंबऱ्यावर बसून पाय धूत होते. म्हणाले, "गप बस रं. माझ्यावर चढला त्यो. खरा चढला, नाटक न्हाई केलं." त्यांच्या आवाजात हरल्याचं काही नव्हतं. ते मला आणखीच लागलं.

घड पिकल्यावर सरांनी तो वर्गात आणला. प्रत्येकाला एक केळं. हजेरीच्या क्रमाने, स्वतः बाकाबाकावर जाऊन. माझ्या बाकावरही एकच ठेवलं, इतरांएवढंच. मी ते हातात घेतलं नाही. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी मी बसून होतो. सर फळा पुसत होते.

मी म्हटलं, "एकदा चढलात, पावणी खरी झाली. मग थांबायचं होतं, सर."

"मी मुद्दाम थांबलो असतो, तर घड कोणी दिला असता?"

"पावणीने."

"नव्हे. मी दिला असता." त्यांनी डस्टर ठेवलं. "भरमूंना घड द्यायला मी कोण?"

त्यांनी भरमूला म्हटलं नव्हतं, भरमूंना म्हटलं होतं. मी केळं उचललं आणि बाहेर येऊन खाल्लं. गोड होतं, आमच्या मातीचं होतं.

पुढे धंद्यात मी शेकडो वेळा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो. समोरचा मुद्दाम हरतोय हे मला बसल्या बसल्या कळतं. तो हरतो, कारण त्याने आपल्याला लहान धरलेलं असतं. सरांनी माझ्या बापाला लहान धरलं नाही. गावात तसं वागलेला तो पहिला माणूस. हे सगळं मला मान्य आहे. तरी घड आमच्या घरचा होता, आणि निदान दोन फण्या पाठवायला हव्या होत्या, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. सरांना मी हे पुढे दोनदा ऐकवलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, कोणत्या नियमाने?

पुढच्या जत्रेला आबांनी परत घड दिला. सकाळी पावणीला आम्ही त्याच कोपऱ्यात बसलो. सर मंडपाच्या दाराजवळच्या खांबाला टेकून, पुडीतलं खाजं खात. आमच्या घडाला काठी लागली, आबांनी बोली लावली, आणि पुकारणाऱ्याने एका दमात भरमूची बोली म्हणून पुकारलं. वर कोणी चढेना. मी सरांकडे बघितलं. ते खाजं खात होते. एक वार झाला. सरांनी पुडीतून पुढचा तुकडा काढला.

मग मागून एक काजूवाला चढला. का चढला, देव जाणे. कदाचित घड खरंच भरदार होता म्हणून. आबा त्याच्या वर गेले. आणि त्यांच्या वर खुर्चीतून आवाज आला, भाटकाराचा. मंडपातली सगळी डोकी वळली. भाटकार असा चढला की लोकांना वाटलं आता संपलं. आबा चढले. भाटकार चढला. काजूवाला कधीच गळाला होता. भाटकाराचं तोंड लाल झालं होतं, तो खुर्चीवरून अर्धा उठला होता आणि आमच्या कोपऱ्याकडे वळून बोलत होता.

"भरमू, सोड रे आतां. लोक हांसतात."

आबा इतकी वर्षं खणीवर कोंकणी ऐकत होते, पण गावात कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तुमी सोडात, भाटकारानूं. हांव सोडचो ना."

सगळा मंडप हसला. बायका हसल्या, पुकारणारा काठी पोटाशी धरून हसला, भाटकार स्वतःही हसायला लागला आणि हसता हसताच त्याने पुढची बोली लावली. आमच्यावर हसणं मी पुष्कळ ऐकलं होतं. हे ते नव्हतं. आबा छाती काढून उभे होते आणि मी, इतक्या लवकर तापणारा माणूस, त्यांच्या शेजारी वेड्यासारखा हसत होतो.

मला वाटलं, हे सरांनी बघायला हवं. मी खांबाकडे वळलो. खांबापाशी कोणी नव्हतं. सर बाहेर पायरीवर बसून वहाणा घालत होते. आत बोली चढतच होती. घड कोणाकडे जातो ते ऐकायलाही ते थांबले नाहीत. छत्री उघडली आणि उन्हातून घरी चालू लागले.